दोन तास सहासष्ट मिनिटं

आमच्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत, स्टार्टरच्या पेटीशेजारी, एक छापील कागद चिकटवलेला होता. वर ठळक अक्षरांत ‘पाणी वाटप’. खाली तीन रकाने, आणि तिन्ही रकान्यांत एकच आकडा, २.६६. या आकड्यापायी माझं रान माझ्या हातातून जायची वेळ आली होती. शेतात राबणाऱ्या बाईनं काही लिहिलं की त्यात ओव्या असाव्यात, डोळ्याला पदर असावा, अशी वाचणाऱ्यांची अपेक्षा असते. माझ्याकडं ओव्या नाहीत. मी भागाकारावर लिहिणार आहे. ज्याला कंटाळा येईल त्यानं खुशाल पान उलटावं.

गाव आमचं बेंबळीपासून गाडीवर पंधरा मिनिटं. सासऱ्यांना तीन मुलगे आणि विहीर एक. सातबाऱ्यावर विहिरीत तिघांचा एक छेद तीन हिस्सा, अगदी स्वच्छ लिहिलेला आहे. माझे मालक सगळ्यांत धाकटे. ते गेले त्याला तीन वर्षं झाली. लेक सासरी नांदते. राहिले मी, माझा अडीच एकराचा तुकडा आणि विहिरीतला तिसरा वाटा. थोरल्या दिरांना सगळं गाव आण्णा म्हणतं. माणूस इमानी, पण हट्टी. दुसऱ्याच्या बांधावरची काडी उचलणार नाहीत, आणि एकदा बोललेला शब्द मेले तरी मागं घेणार नाहीत. मधले भावजी म्हणजे आण्णांची सावली. आण्णा उठले की उठायचं, आण्णा बसले की बसायचं, आणि दोन्ही वेळेला गप्प राहायचं.

आता एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नसतं. त्यांनीही तिच्याशी बोलायचं नसतं. जे काय असेल ते थोरल्या जाऊबाईंच्या मार्फत. मधल्या भावजींपुरती तेवढी सूट होती. आण्णा चार हातांवर उभे असले तरी मी जाऊबाईंकडं बघून म्हणणार, “सांगा त्यांना, चहा झालाय.” आणि आण्णा आढ्याकडं बघून म्हणणार, “तिला म्हणावं, साखर कमी टाक.” मधे जाऊबाई. अठ्ठावीस वर्षं हे चाललं. एकदा आण्णांच्या पाठीमागं बैल सुटला, तर मी ओरडून त्यांना सांगायच्या ऐवजी जाऊबाईंना शोधत नदीवर पळाले. त्या येईपर्यंत बैलानं निम्मी कडब्याची गंज विस्कटून टाकली होती. गाव वर्षभर हसलं. मला मात्र हसू आलं नाही, राग आला. माझाच मला.

विहिरीची जुनी पाळी सोपी होती. एक दिवस एकाचा. तिसऱ्या दिवशी आपला. पण आपल्याच दिवशी लाइट गेली की तो दिवस बुडायचा आणि भांडणं व्हायची. मागच्या दिवाळीला आण्णांचा मुलगा, माझा पुतण्या, पुण्याहून आला. इंजिनियर आहे तो. त्यानं सुचवलं की दिवसपाळी बंद करा, रोजच्या लाइटचे तीन भाग करा, म्हणजे नुकसान झालं तर तिघांचं सारखं होईल. मला पटलं. आमच्या फिडरला, म्हणजे शेतीच्या लाइनीला, दिवसा आठ तास लाइट असते, नऊ ते पाच. आठ भागिले तीन. त्यानं मोबाइलवर भागलं, कागद छापून आणला, चिकटवला आणि पुण्याला निघून गेला. पाळी कुणाची आधी, हे कुणी बोललं नाही, कारण ते बोलायचंच नव्हतं. थोरल्याचा मान पहिला. मग मधले भावजी. शेवटी मी.

तो आकडा मी बघितला आणि मला चक्क बरं वाटलं. जुनी ओळख निघाली. माझं माहेर कळंबजवळचं. नववीपर्यंत मी एसटीनं कळंबच्या शाळेत जायचे. आम्हाला गणिताला एक सर होते, छडीवाले, पण शिकवायचे असे की छडी विसरून जावी. काही भागाकार संपतच नाहीत, हे त्यांनी शिकवलं. आठाला तीननं भागा. तीन दुणे सहा, उरले दोन. दोनाचे झाले वीस. तीन सक अठरा, परत उरले दोन. परत वीस, परत सहा, परत दोन. जन्मभर भागत बसलात तरी सहाच्या मागं सहा येतच राहणार. याला आवर्ती दशांश म्हणतात. सगळे सहा लिहायला वही पुरायची नाही, म्हणून एकाच सहाच्या डोक्यावर टिंब द्यायचं. “टिंब विसरलात की आकडा खोटा झाला,” असं सर म्हणायचे, आणि विसरणाऱ्याचा हात लाल व्हायचा.

मग या न संपणाऱ्या आकड्याचा साधा अपूर्णांक कसा करायचा, तेही त्यांनी शिकवलं. त्या आकड्याला क्ष म्हणा. क्ष बरोबर २.६६६, पुढं सहाच सहा. त्याला दहानं गुणा. दहा क्ष बरोबर २६.६६६, पुढं सहाच सहा. दोघांची शेपटं एकसारखी, दोन्ही बिनशेवटाची. आता मोठ्यातून धाकटा वजा करा. शेपटातून शेपूट गेलं, संपलं. नऊ क्ष बरोबर चोवीस. क्ष बरोबर चोवीस छेद नऊ, म्हणजे आठ छेद तीन. मला हे इतकं आवडलं होतं की एसटीच्या खिडकीवर धूळ बसलेली असायची तिच्यावर मी बोटानं ही गणितं करायचे. एकदा सरांनी मला फळ्यावर बोलावलं आणि शून्य पूर्णांक नऊ नऊ नऊ, न संपणारे, असं दिलं. मी केलं आणि उत्तर आलं एक. नुसतं एक. सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मी घाबरून पुसायला गेले तर सर गरजले, “पुसू नको! बरोबर असलेलं पुसायचं नाही. हसणाऱ्यांना हसू दे.”

त्याच वर्षी उन्हाळ्यात माझं लग्न लावून दिलं. दहावीचं पुस्तक धाकट्या भावाला मिळालं. त्याला गणित येत नव्हतं. मला अजून याचा राग येतो, आणि तो मी का लपवू?

तर नवी पाळी सुरू झाली. मी एक एकर कांदा लावला होता. वाफे पाडून, आठ दिवसांत सगळं रान एकदा भिजेल असा फेरा बांधला. पहिल्या फेऱ्यालाच घोळ झाला. आठव्या दिवशी बघते तर चार दिवसांचं रान कोरडंच. जे पाणी आठव्या दिवशी परत यायला पाहिजे ते बाराव्या दिवशी यायला लागलं. पातीचे शेंडे पिवळे पडले. मला वाटलं पाइप फुटलाय. सगळा पाइप चाचपत गेले, कुठंच फुटला नव्हता. मग वाटलं, दारं धरताना माझाच हात हळू चालतोय. वाफ्यात पाणी फिरवायचं म्हणजे एक वाफा भरायच्या आत दुसऱ्याचं तोंड खोऱ्यानं फोडावं लागतं. मालक होते तेव्हा हे काम ते करायचे. मी खोरं घेऊन पळत सुटायचे, धापा टाकत, आणि तरी रान कोरडं.

जाऊबाई एके दिवशी बांधावर आल्या. चेहरा पाडलेला. मी ओळखलंच की निरोप आहे.

“हे म्हणायलेत,” त्या म्हणाल्या, “बाईमाणसानं उगं जिवाचे हाल करू नयेत. रान बटईनं द्यावं. ह्यो कांदा निघाला की आमीच कसतो म्हणायलेत.”

बटईनं देणं म्हणजे रान त्यांनी कसायचं, निम्मं पीक मला द्यायचं, आणि मी ओट्यावर बसून वाट बघायची. वाईट मनानं नव्हते म्हणत आण्णा, हे मला कळत होतं. वाईट मनानं म्हणाले असते तर मला भांडता तरी आलं असतं. मी म्हणाले, “सांगा त्यांना, कांदा निघाल्यावर बघू.” जाऊबाई गेल्या आणि मी बांधावर बसून रडले. खरं सांगते, त्या दिवशी मी मनातून हरले होते. रान माझ्याच्यानं होत नाही, असं मी स्वतःलाच म्हणायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी मी सहज म्हणून मालकांचं घड्याळ हातात बांधलं. तोवर माझी पद्धत अशी की घरी स्वयंपाकपाणी उरकायचं, आणि मधले भावजी हाक मारतील तेव्हा खोरं घेऊन जायचं. त्या दिवशी हाक आली, “या, घ्या पाणी,” आणि मी घड्याळात बघितलं. तीन वाजून बारा मिनिटं. पाचला लाइट गेली. म्हणजे मला एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं. माझे बाकीचे कुठं गेले?

मी जाऊबाईंना विचारलं, “आण्णा किती वाजेपर्यंत मोटार चालवतात हो?”

“बारा वाजून सहा मिनिटं,” जाऊबाई पटकन म्हणाल्या. “एक मिनिट इकडं न्हाय का तिकडं न्हाय. कागदात लिहिलंय तसं. दोन तास सहासष्ट मिनिटं.”

अगं माझे आई! मी खोरं टाकून तिथंच मातीत बसले. दोन तास सहासष्ट मिनिटं! आण्णांनी आकड्यातल्या दशांशाच्या टिंबाच्या अलीकडचे तास धरले होते आणि पलीकडची मिनिटं. सहासष्ट मिनिटं म्हणजे एक तास सहा. दोन अधिक एक, तीन तास सहा मिनिटं. नऊला सुरू, बारा सहाला बंद. मग मधले भावजी, तेही तीन तास सहा मिनिटं, तीन बारापर्यंत. मग लाइट जाईपर्यंत जे काय उरलं ते माझं. आणि दोघंही घड्याळ लावून, देवाशपथ, आपण कागदाबाहेर एक थेंब घेत नाही अशा बिनघोर मनानं पाणी घेत होते! मला हसूही आलं आणि तळपायाची आग मस्तकातही गेली. रोज बावन्न मिनिटं माझी जात होती, आणि वर माझाच हात हळू चालतोय म्हणून मला रान सोडायला सांगत होते.

आधी मी पुतण्याला फोन लावला. सगळं सांगितलं.

“काकू, दोन पूर्णांक सहासष्ट म्हणजे दोन तास चाळीस मिनिटं,” तो हसत म्हणाला. “एवढं तर कुणालाही कळतं.”

“तुझ्या वडलांना न्हाय कळलं. सांग त्यांना आत्ता.”

त्याचं हसू थांबलं. म्हणतो, “काकू, आण्णांना चूक दाखवली तर माहितीय ना तुम्हाला. मे महिन्यात येतोय मी, तेव्हा समजावतो निवांत.”

मे महिन्यात! तोवर माझ्या कांद्याची होळी झाली असती, आणि बटईचा सौदा पक्का. “बाबा,” मी म्हणाले, “तू तो आकडा अर्धवट तोडलास, त्यात तिघांचे चोवीस-चोवीस सेकंद गेले. ते मी सोडून दिलं असतं. पण बरोबर काय ते माहीत असून तू गप्प बसायलास, हे न्हाय मी सोडणार.” आणि फोन ठेवला. एवढा शिकून शेवटी मूग गिळून बसायचं, मग आमची नववी काय वाईट होती?

त्याच संध्याकाळी पाचला लाइट गेल्यावर आण्णा, मधले भावजी आणि जाऊबाई मोटारीच्या खोलीपाशी उभे होते. बाहेर चहाची तीन दगडांची चूल आहे, तिच्यातला एक कोळसा मी उचलला आणि चुना लावलेल्या भिंतीवर लिहायला लागले. अठ्ठावीस वर्षं झाली होती, पण हात विसरला नव्हता. क्ष बरोबर २.६६६. दहा क्ष बरोबर २६.६६६. वजाबाकी. नऊ क्ष बरोबर चोवीस. आठ छेद तीन. म्हणजे दोन पूर्ण तास आणि एका तासाचे तीन भाग करून त्यातले दोन. तासाचा एक भाग वीस मिनिटांचा. दोन भाग चाळीस मिनिटांचे. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, २ तास ४० मिनिटं.

“सांगा त्यांना,” मी जाऊबाईंना म्हणाले, “आठ तासांची मिनिटं चारशे ऐंशी. तिघांत एकशे साठ. चौथीतली पोरगीबी सांगेल. पण कागदाचा मान ठेवायचा तर कागदातूनबी हेच निघतं. हे बघा.”

आण्णांनी भिंत बघितली. बराच वेळ बघितली. मग विहिरीकडं तोंड करून म्हणाले, “तिला म्हणावं, कागद इंजिनेरानं केलाय. नववी शिकल्याली बाई भिंतीवर कोळसा वढून त्यो खोटा पाडायलीय व्हय?”

“सांगा त्यांना, दोन तास सहासष्ट मिनिटं तिघांनी घेतली तर नऊ तास अठरा मिनिटं होतात. लाइट किती येते? आठ तास. मग वरचा एक तास अठरा मिनिटं कुठून आणायची?”

आण्णांना हे पटायला हवं होतं. कुणालाही पटलं असतं. पण हट्टी माणसाला वाट सापडतेच. “तिला म्हणावं,” ते म्हणाले, “लाइट कमी येती ही सरकारची चूक हाय. कागदाची न्हाय.”

पालथ्या घड्यावर पाणी. मधले भावजी जमिनीवर काडीनं रेघा ओढत होते. त्यांना कळलं होतं, मी शपथेवर सांगते. जाऊबाई हळूच पुढं झाल्या आणि पदरानं भिंत पुसायला लागल्या. “जाऊ दे बाई,” त्या कुजबुजल्या, “चारचौघांत नको.”

“पुसू नका!” मी ओरडले. इतक्या जोरात, की जाऊबाईंचा हात तसाच राहिला. घरात आल्यापासून माझा एवढा आवाज कुणी ऐकला नव्हता. मीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊला मी मोटारीच्या खोलीत जाऊन बसले. भाकरी बांधून नेली होती, घड्याळ हातात होतं, खोरं दाराला टेकवलेलं. बरोबर नऊला खोलीतला दिवा लागला. मी हिरवं बटण दाबलं, मोटारीनं पाणी धरलं, आणि आण्णांच्या रानाकडचा कॉक बंद करून माझ्या रानाकडचा सोडला. पाणी माझ्या पाइपात गेलं त्याचा आवाज मला अजून आठवतो.

आण्णा आले. मागं जाऊबाई, मागं मधले भावजी. आण्णांनी कॉक बघितला, मग आढ्याकडं बघितलं. “तिला म्हणावं, पहिली पाळी माझी असती.”

जाऊबाई माझ्याकडं वळल्या, पण मी त्यांच्याकडं बघितलंच नाही. डोक्यावरचा पदर नीट केला आणि सरळ आण्णांच्या तोंडाकडं बघितलं.

“आण्णा,” मी म्हणाले, “आज पहिली पाळी मी घेतलीय.”

जाऊबाईंच्या तोंडून “अगं बया!” निघालं. आण्णा एक पाऊल मागं सरले. मी पुढं बोलत राहिले. “तुमी कागदाप्रमाणं चालता, मीबी कागदाप्रमाणं चालायलेय. कागदात रकाने हायेत, आधी कोण आन् मागनं कोण हे कुठं लिहिलंय? दाखवा.”

“तिला म्हणावं...” आण्णांनी सुरू केलं आणि थांबले. कागदात खरंच लिहिलेलं नव्हतं. शब्दाचा पक्का माणूस आपल्याच शब्दात अडकला. “तिला म्हणावं, थोरल्याचा मान असतो,” ते कसंबसं म्हणाले.

“मान तुमचाच हाय. रोज वाकून नमस्कार करीन. पाणी माझं हाय.”

एवढं बोलून मी खोरं उचललं आणि रानात गेले. मागं वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर परत रडले असते. वाफ्यामागून वाफा भरत गेले. पहिल्यांदा मला कळलं की माझा हात हळू नाही. पाणी पुरलं की हात बरोबर चालतो. दोनदा पाय घसरला, चिखलात बसले, उठले. आण्णा विहिरीच्या काठावर घड्याळ बघत बसलेले लांबून दिसत होते. त्यांचा हिशेब मला ठाऊक होता. बारा वाजून सहा मिनिटांना उठायचं.

अकरा चाळीसला मी विहिरीवर आले, माझा कॉक बंद केला आणि मधल्या भावजींना हाक मारली, “भावजी, घ्या पाणी.” मधले भावजी आण्णांकडं बघायला लागले. आण्णा माझ्याकडं बघायला लागले. मग अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा, मधे कुणाला न घेता, तो माणूस माझ्याशी बोलला.

“आजून सव्वीस मिनिटं हायेत तुझी,” आण्णा म्हणाले.

म्हणजे बघा. मी त्यांची पाळी घेतली, त्यांचा मान घेतला, तरी माझी सव्वीस मिनिटं माझ्या पदरात टाकायला हा माणूस उभा. म्हणून तर आण्णांवर नुसतं रागावता येत नाही.

“न्हाईत, आण्णा,” मी म्हणाले. “ती कुणाचीच न्हाईत. तुमचीबी नव्हती.”

मी बाभळीखाली भाकरी सोडली. भूक लागली होती सपाटून. मधल्या भावजींचं पाणी सुरू झालं. ऊन वर आलं. आण्णा कागदासमोर जाऊन उभे राहिले, मग भिंतीसमोर, मग परत कागदासमोर. बोटांवर काहीतरी मोजत होते. मला दिसत होतं ते काय मोजतायत. मधल्या भावजींनी दोन तास सहासष्ट मिनिटं घेतली तर दोन वाजून सेहेचाळीस मिनिटं होतात. मग पाचपर्यंत आण्णांना किती? दोन तास चौदा मिनिटं. आयुष्यात पहिल्यांदा आण्णा शेवटच्या रकान्यात उभे होते, आणि तिथनं तो कागद वेगळा दिसतो.

दोन वाजून वीस मिनिटांना आण्णा ताडकन पुढं झाले आणि मधल्या भावजींचा कॉक बंद केला.

“आण्णा!” मधले भावजी रानातून पळत आले. गेल्या कित्येक वर्षांत ते एवढं मोठ्यानं बोलले नसतील. “सहासष्ट मिनिटं कुठं झाली? कागदात सहासष्ट हायेत की!”

आण्णा त्यांच्यावर खेकसले, “सहासष्ट मिनिटं कुठल्या घड्याळात असत्यात रं, येड्या?”

जाऊबाईंनी पदर तोंडात कोंबला. मी मात्र लपवलं नाही, खदखदून हसले. मधले भावजी आधी बावचळले, मग तेही हसायला लागले. आण्णा नाही हसले. त्यांनी आपला कॉक सोडला, खोरं खांद्यावर टाकलं आणि रानात गेले. पाचला दिवा विझला तेव्हा त्यांचा त्या दिवसाचा शेवटचा वाफा नुकताच भरला होता. एक मिनिट इकडं नाही का तिकडं नाही.

चिखलानं भरलेल्या पायांनी आण्णा परत आले. जाऊबाई सवयीनं मधे येऊन उभ्या राहिल्या. आण्णांनी हातानं त्यांना बाजूला केलं.

“उद्याची पहिली पाळी कुणाची?” त्यांनी मला विचारलं.

“मधल्या भावजींची,” मी म्हणाले. “परवा तुमची. तेरवा माझी. फिरती ठिवा. लाइट गेली तर ज्याचं त्याचं नशीब. आन् आण्णा, एक सांगते. कांदा निघाल्यावर बटईचं काय ते विचारायला जाऊबाईंना पाठवू नका. रान मी कसणार हाय. यंदाबी आन् पुढंबी.”

आण्णांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या खोऱ्याकडं बघितलं. “कस की,” ते म्हणाले. “कोण न्हाय म्हणतंय?”

कोण नाही म्हणतंय! मला त्यांना पुष्कळ ऐकवावंसं वाटलं. अठ्ठावीस वर्षांचं साठलेलं होतं. पण अंग मोडून आलं होतं, आणि माझा वाटा मला मिळाला होता. मी चुलीतला कोळसा उचलला, खोलीत गेले, आणि छापील कागदावरच्या तिन्ही आकड्यांत, शेवटच्या सहाच्या डोक्यावर, एकेक टिंब दिलं. दारात आण्णा, मधले भावजी आणि जाऊबाई उभे राहून बघत होते. यावेळी पुसायला कुणी पुढं आलं नाही.